अर्लीन आत्याचं मत

आमच्या गल्लीत अर्लीन स्ट्रॉसबॉला शहाणपण शिकवायला कोणी जात नाही. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, त्यामुळे ओहायोतलं हे अर्धं गाव लहानपणी तिच्या धाकात बसलेलं आहे. पण बसहून जुनं तिचं दुसरं काम. निवडणूक आली की पक्षाची मतदारयादी घेऊन दारोदार फिरायचं. गुडघे गेल्यापासून गाडी मी चालवतो.

यादीची रीत सोपी. दार उघडेल त्याच्याशी बोलायचं आणि नावापुढे आकडा घालायचा. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधातला. पक्षाचं कार्यालय मग एकवाल्यांची दारं गाळतं. आपलीच माणसं, जातात कुठे? सत्ता हातात असली की ही चूक हटकून होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष निवडून आला आणि त्याच्या लाटेत अर्लीनचा भाचा क्लेटनही वॉशिंग्टनला संसदेत गेला. आई वारल्यावर तो हिच्याच घरी वाढलेला. आता अध्यक्षाची निम्मी कारकीर्द सरली होती आणि क्लेटनची दोन वर्षांची मुदत संपत आल्याने त्याला पुन्हा निवडून यायचं होतं. "आत्या, आपला भाग तू सांभाळ," एवढं सांगून तो गेला.

अर्लीनने सांभाळला, पण कार्यालयाचं न ऐकता ती आधी एकवाल्यांकडेच गेली.

"दिलं होतं की मत तुझ्या भाच्याला," लोइस हार्टझलर दारातच म्हणाली. "शाळेच्या हॉलमध्ये सभा घेईन म्हणाला होता. दोन वर्षांत तोंड दाखवलं का?"

"कामं असतात गं तिकडे."

"असू देत. अध्यक्ष तुमचा, संसद तुमची, तरी आमचा दवाखाना बंद पडला. या खेपेला मी घरीच बसणार."

तिच्या शेजारचा म्हातारा तर विरोधकांनाच मत देणार होता. "दोन्ही लगाम एकाच्या हातात दिले की गाडीवान माजतो," म्हणाला.

अर्लीन क्लेटनची बाजू मांडायची, आणि लोक काय म्हणाले ते यादीच्या मागे लिहायची. कार्यालयात आकडे संगणकात जायचे, मागचं कोणी वाचत नव्हतं. तिने क्लेटनला तीनदा फोन केला. तीनही वेळा उत्तर एकच, "निवडणूक होऊ दे आत्या, मग निवांत बसू."

मतदानाआधीच्या शनिवारी आम्ही शेवटची यादी द्यायला गेलो, तर क्लेटन स्वतः तिथे होता. घाईघाईत आकडे चाळता चाळता तो थांबला. अर्लीनच्या नावापुढे तिच्याच अक्षरात पाच होता.

"आत्या, हे चुकून पडलं ना?"

"नाही."

"अगं, दोन महिने माझ्यासाठी फिरलीस तू."

"शब्द दिला होता, तो पाळला. एक दार चुकवलं नाही. मत मात्र माझं आहे."

"म्हणजे मला पाडणार?"

"हो. जीव तुटतोय माझा, पण हो. निवडून आलास की तुला ऐकू येत नाही, बाळा."

आयुष्यभर डोळे झाकून मत देणारा मी. ही बाई भरल्या डोळ्यांनी, आवाज न चढवता, आपल्या हाताने वाढवलेल्या पोराला हे सांगत होती. इतकं मोठं माणूस माझ्या शेजारी राहतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मंगळवारी क्लेटन पडला. आमच्याच भागात सगळ्यात जास्त मतांनी मागे पडला, कारण एकवाले घराबाहेरच निघाले नाहीत. त्याच्यासारखे देशभर कितीतरी पडले. टीव्हीवरचे विद्वान दिवसभर कारणं शोधत होते.

बुधवारी सकाळी तो अर्लीनच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून बसला होता. तिने न विचारता त्याच्यापुढे अंडी आणि टोस्ट ठेवला.

"मत देताना तुझा हात थरथरला का गं, आत्या?"

"थरथरला," ती म्हणाली. "दुसऱ्या हाताने धरावा लागला."