गेटच्या आत गेलेली काडेपेटी

कंधारच्या बसस्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा आई रडत होती आणि आण्णा, माझे वडील, गाडीच्या टायरकडं बघत उभे होते. मी आखातातल्या रिफायनरीत नोकरीला निघालो होतो.

"तिकडं बी तेलच का?" आण्णांनी विचारलं.

"हाव."

"बरं हाय. इथलं तेल खायचं, तिथलं जाळायचं."

आई रडता रडता हसली. गाडी हलली तसे आण्णा खिडकीशी आले. "रशीदला भेटून चाललास का?" मी काच ओढून घेतली.

याला वीस वर्षं झाली. गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही मला हिमतीनं पुढं गेलेला समजता. मी पळालो होतो.

आमचं घर तेलाचं. आजोबांचा बैलाचा लाकडी घाणा होता, त्या जागी आण्णांनी एक्सपेलर, म्हणजे विजेवर बी दाबून तेल काढणारं यंत्र, बसवला. करडई, जवस, भुईमूग घेऊन आसपासची गावं दारात यायची. मग पाकिटातलं रिफाइंड आलं. लोक म्हणायला लागले, तुमच्या तेलाला वास येतो. येणारच, करडईचं होतं ते! पुढं शेतातली करडईच गेली, सोयाबीन आलं, आणि त्याचं तेल काढायला लातूरला सॉल्व्हंट प्लांट उभे राहिले. आमचा एक्सपेलर भंगारात गेला आणि मी तसल्याच एका प्लांटात सुपरवायझर झालो.

तिथं तेल दाबून काढत नाहीत, हेक्झेननं धुऊन काढतात. हेक्झेन पेट्रोलासारखंच भडकणारं. त्याची वाफ हवेहून जड, दिसत नाही, नालीतून सरपटत जाते. म्हणून काडेपेटी गेटवर काढून ठेवायची. आत पानेसुद्धा पितळेचे, ठिणगी उडू नये म्हणून. खंडेनवमीला सगळीकडं यंत्रापुढं निरांजन लागतं, आमचा दिवा मात्र गेटबाहेर लागायचा. आत नुसतं हळद-कुंकू आणि झेंडू.

एका वर्षी आण्णा पूजा बघायला आले. "बिनदिव्याची पूजा? अरे, दिवा न दाखवलेलं यंत्र माणूस मागतंय."

गेटवर रशीदभाई होते. मालकालाही झडतीशिवाय न सोडणारा माणूस. त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, तुमचे वालिद हायेत. खिसे बघू का?"

बापाचे खिसे चारचौघांत तपासायचे? मला लाज वाटली. "राहू द्या हो," मी म्हणालो.

आत, पंपाजवळ, मी फुलं घ्यायला वळलो आणि मागं काडी ओढल्याचा आवाज आला. आण्णांच्या तळहातावर कापूर होता. नालीवरून निळी ज्योत धावत आली. अजूनही घरचा गॅस पेटवताना मी डोळे मिटतो.

आण्णांचं धोतर पेटलं. मी जागचा हललो नाही. गेटवरून रशीदभाई धावत आले, उघड्या हातांनी धोतर ओढून काढलं, आण्णांना बाहेर नेलं. फोम मारून आग विझवली. आण्णा वाचले. रशीदभाईंची बोटं वाकडीच राहिली.

चौकशीत प्रश्न आला, काडेपेटी आत गेली कशी? मी म्हणालो, "झडती घेणं गेटचं काम." पट्ट्या बांधलेले हात मांडीवर घेऊन रशीदभाई समोरच बसले होते. माझ्याकडं बघत राहिले, पण 'राहू द्या' मीच म्हणालो होतो हे त्यांनी सांगितलं नाही. दवाखान्यात आण्णा म्हणत होते, "मी सांगतो खरं काय ते." त्यांनाही मीच गप्प केलं. रशीदभाईंची नोकरी गेली. माझ्या सर्टिफिकेटवर आलं, 'वर्तणूक उत्तम'.

इथल्या रिफायनरीत मला जेलर म्हणतात. पाहुणा असो की मोठा साहेब, खिसे मी स्वतः बघतो. दर सुट्टीत आण्णा विचारायचे, "जाऊन आलास का?" मी सांगायचो, घरी नव्हते. रशीदभाईंच्या लातूरच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन मी परत फिरायचो. आण्णा गेल्या वर्षी गेले.

मागच्या महिन्यात रशीदभाईंना फोन लावला. मी हॅलो म्हणालो, नाव सांगायच्या आत आवाज आला, "बोला साहेब." मी सगळं बोललो. पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"मला काय सांगून राहिले?" रशीदभाई म्हणाले. "मी व्हतोच की तिथं. माझ्या पोरांला सांगा. ते अजून म्हणतेत, अब्बा गेटवर झोपले व्हते."

तिकीट काढलंय. ती पोरं आता बाप्ये झालीत. दार उघडतील, का तोंडावर लावून घेतील? कंधारच्या घराची किल्ली माझ्याकडंच आहे. पण माझं गाव आता लातूरच्या त्या दारात अडलंय. तिथं पोरांसमोर सांगायचं, तुमचा बाप जागा होता. मग पुढची, कंधारची गाडी.