कावळ्याचा घास आणि चिखल्याची अंडी

प्रिय इरा आणि नील,

शारजात, रोल्लातल्या फ्लॅटच्या किल्ल्या वॉचमनच्या हातात ठेवल्या, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून आजोबा आणि मी आमच्या कॅरॅव्हॅनमध्येच राहतो. यंदा मार्चच्या सुरुवातीला आम्ही शारजाहून उत्तरेला निघालो. “यल्ला!” (चला!) असं आजोबा मोठ्या ऐटीत ओरडले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला माझा तूरडाळीचा डबा उलटला. पुढचे चार दिवस डाळ चपलांत सापडत होती.

तासाभरात डावीकडच्या इमारती संपल्या आणि खाजण दिसलं. उथळ पाणी, खारफुटीची हिरवी रांग आणि काठावर चार उंट. बसची वाट बघत असल्यासारखे उभे होते.

तिथल्या पक्ष्यांच्या राखीव उद्यानात आम्ही पार्क होस्ट होतो. म्हणजे पगार नाही, पण कॅरॅव्हॅनला जागा, वीज आणि पाणी मिळतं. बदल्यात सकाळी फाटक उघडायचं, कचरा उचलायचा, पाहुण्यांना नियम वाचून दाखवायचे. आजोबा मोठ्या लेन्सने पक्ष्यांचे फोटो काढतात. मी रोज संध्याकाळी प्रत्येक फोटोला तारीख, वेळ आणि जागा लावते. आजोबांवर सोडलं तर सगळ्या फोटोंचं नाव ‘पक्षी’ असेल.

आमचे वरिष्ठ म्हणजे मुख्य रेंजर सालेम. पन्नाशीचे, तिथलेच, हिंदी झकास. मला ‘मम्मा’ म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी गहवा (वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी) आणि खजूर दिले आणि वाळूत एक जागा लांबून दाखवली. मला काहीच दिसेना. मग एक चिमुकला चिखल्या पक्षी धावत आला आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातल्या खळग्यात बसला. खाली तीन ठिपकेदार अंडी. दुपारी ऊन वाढलं की तो पाण्यात पोट भिजवून येई आणि अंडी गार करी.

“मम्मा, पिछले साल एक भी बच्चा नहीं निकला,” सालेम म्हणाले. “इस साल इन्शाल्ला.”

आठवड्याने, दुपारी, आजोबा फोटो काढत असताना एका कावळ्याने त्यातलं एक अंडं उचललं. आजोबा हात हलवत धावले, वाळूत पालथे पडले, पण लेन्स वर धरून! संध्याकाळी मी फोटो लावायला बसले. अंडं चोचीत धरलेल्या कावळ्याच्या डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं होतं. वेळ दुपारी बारा पन्नास.

ते बोट मी ओळखत होते. त्याच दिवशीचा बारा पस्तीसचा फोटो शोधून काढला. तोच कावळा, आमच्या कॅरॅव्हॅनमागच्या सपाट दगडावर, चोचीत भात.

तो भात माझा होता, मुलांनो. जेवायला बसण्याआधी कावळ्याला घास ठेवायचा, हे वळण मला सासूबाईंनी लावलं. रोल्लातल्या खिडकीत तीस वर्षं ठेवला. तिथेही पहिल्या दिवसापासून ठेवत होते. फाटकावरच्या पाटीचा चौथा नियम आहे, ‘पक्ष्यांना खायला घालू नये’. तो मी लोकांना रोज ठणकावून वाचून दाखवत होते. पण घास ठेवणं म्हणजे खायला घालणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

“पुसून टाक तो फोटो,” आजोबा म्हणाले. “सालेमला काय कळतंय? उगाच जागा जाईल आपली.”

“जागा गेली तर गेली. उद्याही तो साडेबाराला येणार, आणि तिथून घरटं शंभर पावलांवर आहे.”

सकाळी दोन्ही फोटो घेऊन ऑफिसात गेले. तिथे वसईचा फ्रान्सिस परवान्यांचं काम बघतो. फोटो बघून त्याने कपाळावर हात मारला. “आंटी, रूल नंबर चार कोण वाचतं रोज? एका पोराच्या हातातला चिप्सचा पुडा पण काढून घेतला होता तुम्ही!”

सालेमनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, “ये कौआ भी हिंदी है, मम्मा. इंडिया से जहाज़ पे बैठ के आया, इधर का नहीं. आपने गाँववाले को दावत दी.”

“हम चले जाएँ?” मी विचारलं.

“नहीं. दो अंडे बाकी हैं. अब आप बैठो.”

मग मी बसले. घरट्यापासून लांब, छत्रीखाली, खुर्चीत, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. मी आत जेवायला गेले की आजोबा बसत. तुटक्या बोटाचा तो साडेबाराला दगडावर येऊन ओरडे आणि मग माझ्याकडे चालत येई, जुन्या ओळखीच्या माणसाकडे यावं तसा. मी काठी आपटत होते. एकदा छत्री उडून खारफुटीत अडकली, ती काढताना माझी एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली.

सोळाव्या दिवशी सकाळी खळगा रिकामा दिसला. तेवढ्यात आजोबांनी माझा खांदा दाबला. पाण्याच्या कडेला काड्यांच्या पायांवर दोन कापसाचे गोळे धावत होते. आजोबांनी इतक्या घाईत फोटो काढला की तो हलला. तोच सोबत पाठवतेय.

रजिस्टरमध्ये लिहिलं: अंडी तीन, पिल्लं दोन. नुकसानीचं कारण विचारणाऱ्या रकान्यात सालेमनी ‘कौआ’ लिहा म्हटलं. मी लिहिलं, ‘कावळा आणि मी’.

एप्रिलअखेर उकाडा वाढला, तशी आमची मुदत संपली. निघताना सालेम म्हणाले, “अक्टूबर में आना, मम्मा. चावल उधर ही खा के आना.”

काल रोल्लाला माझ्या मैत्रिणीकडे, सुलभाकडे पोहोचलो. तिने पानं वाढली आणि सवयीने माझ्यासमोर खिडकी उघडली. बाहेर कठड्यावर एक कावळा मान वाकडी करून वाट बघत होता. बोटं सगळी शाबूत. माझा हात भाताकडे गेला आणि थांबला.

“ठेव ना घास,” सुलभा म्हणाली.

सासूबाईंची मनातल्या मनात क्षमा मागितली, खिडकी लावून घेतली आणि तो पहिला घास मीच खाल्ला.

तुमची,
आजी