रुकय्याआपांची दुआ

रुकय्याआपा टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघायच्या. "बोलणं नको ऐकायला. चेहरे बघितले की समजतं," म्हणायच्या. पनवेलमधल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या समोर. त्यांची धाकटी बहीण नजमा लग्न होऊन कराचीला गेलेली, बंदराजवळ राहणारी. आणि माझा नवरा आपल्या नौदलाच्या पाणबुडीवर.

पाणबुडी निघाली की त्याचा फोन बंद. कुठे गेला, कधी येईल, काही कळायचं नाही. एकदा आपांनी विचारलं, "पाण्याखाली एवढे दिवस करतात काय गं?"

"लपून राहतात," मी म्हणाले. "पेपरात लिहितात ना, अणुबॉम्ब समुद्रात नेमका कुठे आहे ते कळलं नाही, की समोरचा पहिला वार करायला घाबरतो."

आपा म्हणाल्या, "मी दुआ करीन, त्यांना तिकडे कधी काही काम पडू नये."

पुढे दोन्ही देशांत भडका उडाला तेव्हा नवरा समुद्रातच होता. शहरात भोंगे वाजवून सराव झाला. टीव्हीवर कराचीचं बंदर उडवायच्या गोष्टी सुरू झाल्या. आपा माझ्या दारात आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या. तिकडे नातेवाईक असलेल्यांशी जपून बोल, असं नवऱ्याने बजावलं होतं.

"मला काही सांगू नकोस," आपाच म्हणाल्या. "माहीत नसलेलं बरं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नजमाचा होता. त्यांनी उचलला नाही. "तू समोर आहेस. उद्या कुणी तुला विचारलं, मी कराचीला काय बोलले, तर?" फोन वाजून वाजून थांबला. मला दोन भीती एकदमच वाटत होत्या. त्या पाणबुडीवर काही येऊन पडेल ही, आणि तिच्यावरून काही सुटेल ही.

शस्त्रसंधी झाली, नवरा परतला. जिन्यात त्याला बघून आपांनी एवढंच विचारलं, "काम नाय ना पडलं?"

"नाही, आपा."

त्या कठडा धरून रडल्या.

यंदा आपा झोपेतच गेल्या. नवरा पुन्हा समुद्रात होता. नजमाला येणं शक्यच नव्हतं. आपांच्या सुनेने, शबानाने, व्हिडिओ कॉल लावून तिला बहिणीचा चेहरा दाखवला. उशाशी बसलेली मीही त्यात दिसत असणार.

"तुमी समोरच्या ना?" नजमाने विचारलं.

उठून जावं, असं मनात आलं. मी बसून राहिले आणि मान हलवली.

ती डोळे पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमालापण तिथं भीती वाटते का ओ?"

"वाटते," मी म्हणाले.

"आमालापण," ती म्हणाली.