नापास व्हॉल्व्हचा डबा

"तिथे पडदा आहे का?"

"कुठे?"

"त्या मोठ्या दुकानात. आठवड्यातले तीन दिवस तुम्ही जाऊन बसणार आहात ना, तिथे. काउंटरच्या मागे पडदा आहे का, एवढंच विचारतेय."

"पडद्याचा काय संबंध?"

"नाही, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की 'थांबा, आतून बघून येतो' म्हणून तुम्ही जाणार कुठे? मुतारीत?"

"अगं, पोरीसमोर काय वाट्टेल ते बोलतेस!"

"पोरगी घोडी झालीये. तिला मुतारी माहीत आहे."

पोरगी म्हणजे मी. एका उघड्या स्पीकरच्या खोक्यावर बसून चहा पीत होते, आणि कप रिकामा झाला तरी ओठांना लावूनच ठेवला होता. मावशी आणि काका भांडत असले की मधे रिकामी माणसं चालत नाहीत. कुणीतरी पटकन साक्षीदार करून घेतं.

काकांचं दुकान म्हणजे पायऱ्या चढून गेलं की लागणारी एक लांबट खोली. पुढच्या भागात काउंटर, टेबल, मीटर, सोल्डरचा वास आणि काका. मधे एक तपकिरी पडदा. पडद्याच्या मागे कपाटं, एक स्टूल आणि मावशी. गिटारचे जुन्या पद्धतीचे ॲम्प्लिफायर, ज्यांच्यात अजून काचेचे व्हॉल्व्ह बसतात, ते दुरुस्त करणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यामुळे गिटारवाले लांबलांबून इथे येतात. या ॲम्पमध्ये शेवटच्या टप्प्याला दोन मोठे व्हॉल्व्ह असतात, आवाजाला जोर देणारे. लावले की आत निखाऱ्यासारखे नारंगी दिसतात. वापरून वापरून थकतात, आणि बदलायचे तर दोन्ही एकदम बदलावे लागतात, तेही एकमेकांशी जुळणारे. एक हौशी आणि एक आळशी असा संसार तिथे चालत नाही.

ही जोडी जुळवून देण्यासाठी काका प्रसिद्ध होते. "काकांनी दिलेली जोडी" असं गिटारवाले म्हणायचे, देवाने दिलेली म्हणावं तसं.

खरा प्रकार असा होता. काका आलेला प्रत्येक व्हॉल्व्ह मीटरला लावायचे, तो किती करंट ओढतो ते बघायचे आणि काचेवर पांढरी चिठ्ठी चिकटवून आकडा लिहायचे. मग ते सगळे पडद्यामागे जायचे. तिथे मावशी एका उघड्या ॲम्पमध्ये एकेक व्हॉल्व्ह लावून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने त्याच्यावर टिचकी मारायची आणि स्पीकरमधून काय येतं ते डोळे मिटून ऐकायची. पसंत पडला तर जोडीला दुसरा शोधायची आणि दोघांना एका जुन्या मोज्यात घालून ठेवायची. एका मोज्यात एक जोडी. नापसंत पडला की बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. कारण विचारलं तर म्हणायची, "कुरकुऱ्या आहे." किंवा "बरा आहे, पण एकटा असताना." काका ॲम्प उघडून "हं, यांना कुठली द्यावी..." असं मोठ्याने म्हणत आत यायचे, मावशी मोजा पुढे करायची, काका बाहेर जायचे. नाटकात प्रॉम्प्टर विंगेतून वाक्य पुरवतो आणि टाळ्या नटाला पडतात, तसं. फरक एवढाच की इथे नटाला एकतीस वर्षांत खरंच वाटायला लागलं होतं की वाक्यं आपल्याला पाठ आहेत.

मावशीला सूर कळत नाहीत. गाणं म्हणायला लागली तर तिची आईसुद्धा उठून जायची. पण लग्नाआधी आणि नंतरही ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, चौदा वर्षं, कानाला हेडफोन लावून. लाइन खरखरली की तिला कळायचं, कुठल्या जोडात पाणी शिरलंय आणि कुठे तार नुसती सैल आहे. लाइनमन आधी तिला विचारायचे आणि मग खांबावर चढायचे. पुढे सगळं आपोआप व्हायला लागलं, एक्स्चेंजला बायकांची गरज उरली नाही, आणि मावशी घरी आली. त्या आठवड्यात काका एक ॲम्प घरी आणून डोकं धरून बसले होते. स्वयंपाकघरातून मावशी म्हणाली, "उजवीकडचा बडबडतोय तुमचा." काकांनी उजवीकडचा बदलला. झालं. दुसऱ्या दिवशी दुकानात पडदा आला.

पडदा कुणी लावला, यावर मात्र दोघांची वेगवेगळी मतं आहेत. काका म्हणतात तिला धूळ सोसत नाही म्हणून त्यांनी लावला. मावशी म्हणते तिला धुळीचा त्रास कधीच नव्हता.

तर भांडण. त्या दिवशी सकाळी मावशीने दुकानातला फोन उचलला. पलीकडे एका मोठ्या, तीन मजली वाद्यांच्या दुकानाचा मॅनेजर. म्हणाला, "काकांना निरोप द्या, बोर्ड रंगवायला टाकतोय. 'व्हॉल्व्हची निवड स्वतः काकांकडून' असं लिहितोय. चालेल ना? आणि चारला मी येतो, आमचा शोरूममधला ॲम्प घेऊन. त्याची जोडी त्यांनी निवडून दिली की पक्कं."

मावशीने निरोप दिला. अक्षर न अक्षर. मग विचारलं, "तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणालो. परवा."

"मला न विचारता."

"तुला काय विचारायचं? जायचं तर मला आहे."

या वाक्यावर गेले दोन तास भांडण चालू होतं, आणि आता पडद्यापर्यंत येऊन पोहोचलं होतं.

"हे बघ," काका म्हणाले, "तू मदत करतेस, नाही कोण म्हणतंय? पण शेवटी जोडी आकड्यांवर जुळते. मीटर काय खोटं बोलतो?"

"मदत?"

मी कप खाली ठेवला.

"मदत करते मी," मावशी म्हणाली. आवाज एकदम गोड. हा गोड आवाज आमच्या घराण्यात फार धोक्याचा मानतात. "बरं. मग आज मदत नको. चारला तुमचा मॅनेजर येईल, तुम्ही निवडा. मी आत स्टुलावर बसेन आणि एक शब्द बोलणार नाही. जमलं, तर खुशाल जा. मी बोर्डाला फुलं वाहीन."

"आणि नाही जमलं तर?"

"ते तुम्ही त्याला सांगा. मी बोलणार नाही म्हटलंय ना."

ती आत गेली. काका थोडा वेळ मीटरशी उगाच खुडबुड करत राहिले. मग, ती पाणी प्यायला उठली असावी, तेवढ्यात त्यांनी पडद्याच्या कडेने हात घालून काहीतरी उचललेलं मी पाहिलं. माझ्याकडे बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मी पण घराण्यातलीच, गप्प बसले.

चारला मॅनेजर आला. तिशीतला, पायात कोरे पांढरे बूट, बोलणं घाईचं, पण ॲम्प स्वतः उचलून पायऱ्या चढला म्हणून मला जरा आवडला. पूर्वी बँडमध्ये वाजवायचा म्हणे. गिटारही आणली होती.

"काका, तुम्ही निवडताना मला बघायचंय. आमच्या गिऱ्हाइकांनाही तेच हवंय. समोर."

"समोरच निवडतो की," काका म्हणाले, आणि 'आतून बघून येतो' हे शब्द त्यांच्या जिभेवर येऊन परत गेलेले मला दिसले.

त्यांनी ड्रॉवरमधून दोन व्हॉल्व्ह काढले. मोज्यात नव्हते, नुसतेच. चिठ्ठ्यांवरचे आकडे बघा म्हणाले. दोन्हींवर सदतीस. डोळ्यांत अभिमान मावेना. "असे जुळे लाखांत मिळत नाहीत."

व्हॉल्व्ह बसवले, मीटर लावला, बारीक स्क्रू फिरवून करंट बरोबर केला. काकांचा हात बघत राहावा असा आहे, हे मावशीही मान्य करते. नारंगी उजेड पडला. मॅनेजरने गिटार अडकवली आणि वाजवायला लागला. खोलीतल्या स्क्रूंच्या बरण्या थरथरल्या.

"क्या बात है, काका!"

काका हसले. मग मॅनेजर खालच्या तारेवर आला आणि एक लांब सूर धरला. त्या सुराच्या शेपटीला काहीतरी होतं. अगदी बारीक, झिर्र असं, डब्यात एखादा खिळा राहून जावा तसं. मॅनेजरला ऐकू आलं नाही, तो आपल्याच वाजवण्यात रंगला होता. मला तर ते काकांच्या चेहऱ्यामुळे ऐकू आलं.

काका पडद्याकडे बघत होते.

एकतीस वर्षं त्या पडद्यामागून एक "हं" यायचा. जोडी बरी असली की आखूड, फार बरी असली की लांब. आज काहीच आलं नाही. पडदा हलला नाही, स्टूल करकरलं नाही.

"मस्त!" मॅनेजर गिटार काढत म्हणाला. "पॅक करू या. बोर्ड उद्या लागतो."

काकांनी ॲम्पच्या पाठीवर हात ठेवला. नुसतं मागचं झाकण लावायचं होतं, चार स्क्रू. त्यांनी एक उचलला. भोकाला लावला. परत काढला.

"थांबा," ते म्हणाले. "अगं, बाहेर ये जरा."

काकांनी काउंटरवर स्क्रूड्रायव्हर ठोकला.

"अगं ए!"

"मी बोलणार नाही म्हटलंय," पडदा म्हणाला.

"मग नको बोलूस. नुसतं ऐक."

मावशी आली. केसांत पेन्सिल. मॅनेजर म्हणाला, "काकू, चहा नको हं, आत्ताच घेतला." मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. ती ॲम्पच्या मागे वाकली, पेन्सिल काढली, उजव्या व्हॉल्व्हवर टिचकी. ठप्. डाव्यावर टिचकी. स्पीकरमधून सायकलच्या घंटीसारखा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

"हा कुठून आणलात?" तिचं मौन संपलं.

काका हातातला स्क्रू बोटांत फिरवायला लागले.

"डब्यातून?"

"आकडे अगदी सारखे होते गं. सदतीस-सदतीस. मला वाटलं तू उगाच टाकून दिलास. चांगला माल वाया—"

"आकडा चांगलाच आहे त्याचा. मी कुठे आकड्याला नापास केलं? आत एक तुकडा सैल आहे. खालचा सूर लागला की नाचतो. मीटरपुढे तो शहाण्यासारखा उभा राहतो, तुमच्या भाच्यासारखा. पाहुणे गेले की धिंगाणा."

"माझ्या भाच्याला मधे आणू नकोस."

"एक मिनिट," मॅनेजर म्हणाला. त्याची घाई पहिल्यांदाच थांबली होती. "म्हणजे... जोड्या निवडतं कोण?"

मला वाटलं, काका आता "ही मदत करते" म्हणणार. मावशीलाही तेच वाटलं असावं. तिने तोंड फिरवून मीटरकडे बघायला सुरुवात केली, जणू तिथे काही वाचण्यासारखं होतं.

"ही निवडते," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"एकतीस वर्षं. मी आकडे लिहितो."

मावशी मीटरकडेच बघत राहिली. मग एकदम कामाला लागली. ॲम्प बंद करायला लावला, काच निवेपर्यंत थांबली, आणि तेवढ्या वेळात मॅनेजरची उलटतपासणी.

"तुमच्या शोरूमला खाली काय आहे, फरशी की लाकूड?"

"लाकूड. का?"

"ॲम्प जमिनीवर ठेवता की स्टँडवर?"

"जमिनीवर."

"येणारे लोक वाजवतात कसे? तुमच्यासारखे?"

"म्हणजे कसे?"

"दार तोडल्यासारखे."

"...हो. बरेचसे."

मावशी आत गेली आणि एक हिरवा मोजा घेऊन आली. त्यातला एक काढून काकांपुढे धरला. "तुमचा उजवा चांगला आहे, तो राहू दे. डावीकडे हा."

काकांनी चिठ्ठी वाचली. "चौतीस! अगं, तीनचा फरक!"

"मग?"

"मग काय मग? जुळत नाहीत!"

"आपले किती जुळतात?"

काकांनी निमूटपणे व्हॉल्व्ह बसवला. पुन्हा मीटर, पुन्हा स्क्रू. या वेळी त्यांचे डोळे मीटरवर आणि मावशीचे कान स्पीकरवर, आणि मधे दोघांचं "अजून", "बस", "किंचित मागे", "एवढं?", "तेवढंच". मॅनेजरने वाजवलं. खालच्या तारेवर आला, सूर धरला. सूर गेला तेव्हा मागे काही उरलं नाही, नुसती खोली.

"हंऽऽ," मावशी म्हणाली. इतका लांब मी आधी ऐकला नव्हता.

मॅनेजरने गिटार पेटीत ठेवली, पेटी बंद केली, परत उघडली, परत बंद केली. एकदा काकांकडे बघितलं, एकदा मावशीकडे. "काका, राग मानू नका. पण मग... काकू, तुम्हीच याल का?"

"मी?"

"आठवड्यातून तीन दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बोर्ड बदलून घेतो."

काका खुर्चीत बसले. रागावले नव्हते. बस चुकलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा होता. धावावं की पुढची बघावी, हे न ठरलेला.

"बोर्ड मी वाचल्याशिवाय लावायचा नाही," मावशी म्हणाली.

"नाही लावणार."

"आणि मला कुणी चहा सांगायचा नाही. आणून द्यायचा."

मॅनेजरचे कान लाल झाले. "देऊ."

"येते मग सोमवारी." ती पिशवी शोधायला लागली. "खरं तर आत्ताच चला. कुठे बसायचंय ते एकदा बघून घेते. लाकडी जमीन म्हणताय, मला ऐकायला हवी."

मॅनेजरने ॲम्प उचलला. काका उठले, परत बसले, परत उठले.

"अगं, पण सोमवारी इथे कुणी आलं तर? इथे जोडी कोण निवडणार?"

मावशीने चपला पायात सरकवल्या, खांद्याला पिशवी लावली, मॅनेजरला म्हणाली, "जपून हं, तिसरी पायरी उखडलीये," आणि त्याच्या पुढे होऊन पायऱ्या उतरून गेली.