पाण्याचा दिवस

उद्या प्रलय आला तरी माझी बायको आधी दोन बादल्या भरून, झाकून ठेवेल आणि मगच नावेत चढेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आम्ही राहतो पुनावळ्यात. पाणी दिवसाआड, तेही सकाळी दीड-दोन तास. त्यामुळे इथल्या बायकांचं पंचांगच वेगळं. पण आमच्या हिच्याइतकं ते कोणी मनावर घेतलेलं नाही. नातेवाइकांचे वाढदिवस तिला आठवत नाहीत, मात्र कोणाच्या नळाला कधी पाणी येतं ते झोपेतून उठवून विचारा! भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलगा काय करतो ते मी विचारत होतो आणि ही मुलाच्या आईला विचारत होती, "पाणी बोअरचं हाय का कार्पोरेशनचं?" साखरपुडा नेमका पाण्याच्या दिवशी निघाला, तर आम्ही पोचलो ते शेवटची पंगत उठताना. घरी पिंपं, कळशा, पातेली, मुलाचा लहानपणचा टब, सगळं तुडुंब. आमच्याकडे पाहुण्याने बसण्याआधी खुर्चीवरची कळशी उचलायची असते.

मी मात्र सुधारलेला माणूस. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. पंप, व्हॉल्व्ह, पाइपलाइन हे माझंच खातं, त्यामुळे बायकोच्या या धास्तीला हसण्याचा हक्क मी स्वतःकडे राखून ठेवला होता.

लग्नाला चोवीस वर्षं झाली म्हणून मी गाडीने कोकणात जायचं ठरवलं, वाटेत एक मुक्काम महाबळेश्वरला. दोघांचाच असा हा पहिला प्रवास. आधीचे सगळे बारशांचे, लग्नांचे नाहीतर दहाव्याचे. वाईचा घाट चढताना ती इतकी खुशीत होती की दर वळणावर दरी दिसली की "अगं बाई!" म्हणायची, आणि जणू त्या दऱ्या मीच खोदल्यात अशा थाटात मी गाडी चालवत होतो.

हॉटेलात तिने मॅनेजरला पहिला प्रश्न टाकला, "पाणी किती वाजता येतं?"

"चोवीस तास, मॅडम."

"समदे असंच म्हणत्यात," ती माझ्या कानात कुजबुजली.

मी स्ट्रॉबेरी घेऊन परत येतो तो काय! दोन बादल्या, आंघोळीचा मग, चहाची किटली, जग, दोन ग्लास आणि कचऱ्याचा कोरा डबा, सगळं भरून टॉवेलांनी झाकलेलं. जिथून पाच नद्या निघतात त्या गावात! तेवढ्यात शेजारच्या खोलीतलं तरुण जोडपं चार्जर मागायला आलं. मला काय अवदसा आठवली कोण जाणे. "या, या, आमचं धरण बघा!" म्हणून त्यांना आत बोलावलं आणि "ही मेंटेनन्सवाल्याची बायको बरं का!" असं म्हणत त्यांच्यासमोर सगळं पाणी ओतून दिलं. ती दोघं हसली. हीसुद्धा हसली, थोडंसं. मग ओल्या टॉवेलांच्या घड्या घालायला लागली.

संध्याकाळी सूर्यास्त बघायला गेलो तर ती गाडीतून उतरेना. "तुमी बघून या," एवढंच म्हणाली. मग इतक्या जोड्यांच्या गर्दीत मी एकट्याने सूर्यास्त पाहिला. ही बाई आता माझ्याबरोबर पुन्हा कुठे यायची नाही, हे मला तिथे लख्ख कळलं.

सकाळी डोक्याला शांपू फासला आणि शॉवरने मान टाकली. मी नळाला तीन गुद्दे घातले. आमच्या खात्यातला पहिला उपाय तोच. थेंब नाही. बाहेर ही फोनवर मॅनेजरशी बोलत होती, पंप जळाला होता. डोळे मिटून, फेसाने माखून मी कुडकुडत उभा. तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि भरलेली बादली आत सरकली. मी झोपल्यावर तिने ती पुन्हा भरून पडद्यामागे ठेवली होती. ती हसली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती हसली नाही.

चहा पिताना मी विचारलं, "एवढी धास्ती कशाची गं तुला?"

"पिंपळे गुरवच्या खोलीत ऱ्हायचो तवा," ती म्हणाली, "मला सातवा म्हयना होता. टँकर आला, पण मी जिना उतरेस्तवर संपला. तुमी फर्स्ट शिफ्टवरनं आला, आंघोळीला गेला, तर बादली रिकामी. काय बोलला न्हाई. तसंच त्या तेलकट अंगानं झोपला. मला लई वाईट वाटलं बगा. तवाच ठरवलं, पुन्यांदा असं होऊ द्यायचं न्हाई."

मी खूप आठवून पाहिलं. मला तो दिवस आठवला नाही. कंपनीतला एकेक व्हॉल्व्ह मला पाठ आहे. पण त्यानंतर इतकी वर्षं एकदाही माझी बादली रिकामी कशी राहिली नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"चुकलं गं माझं," मी म्हणालो. हे वाक्य मला चांगलंच जड गेलं.

"असू द्या. कानामागं फेस ऱ्हायलाय," म्हणत तिने तो ओढणीने पुसला.

कोकण एक दिवस पुढे ढकललं. संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच पॉइंटवर गेलो. ढग आले होते, सूर्य काही धड दिसला नाही. पण या खेपेला ती गाडीतून उतरली.