बाभळीला बांधलेला ट्रॅक्टर

माझं काम काय आहे, हे आमच्या आबांना कधी समजलं नाही. यात त्यांची काही चूक नव्हती, हे आज कळतं. तेव्हा मात्र राग यायचा. मी पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला होतो. दर गुरुवारी, म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या सुट्टीच्या दिवशी, सायकल मारत निघोज्याच्या अलीकडच्या आमच्या रानात जायचो. दोन-तीन गुरुवार गेले की आबा हटकून विचारायचे,

"काय बनिवतूस तितं?"

"गेज."

"म्हंजी?"

"दुसरी वस्तू बरोबर मापाची झाली का, ते तपासायची वस्तू."

"आन् ती दुसरी वस्तू कोण बनिवतं?"

"ती दुसरा माणूस बनवतो."

आबा थोडा वेळ तंबाखू मळायचे आणि म्हणायचे, "आसंल."

गावात कुणी चौकशी केली तर सांगायचे, "कंपनीत हाय. मोजमाप करतो." त्यामुळे अर्ध्या गावाची समजूत अशी होती की मी तलाठ्याच्या हाताखाली लागलोय. केसाच्या जाडीचे पन्नास भाग केले तर त्यातल्या एका भागावरून आमच्या टूलरूममध्ये भांडणं व्हायची, आणि इथं मी जमिनीला साखळी लावणारा! नांगराला नीट फाळ बसवून देणाऱ्याला आबा "चांगलं काम केलंस" म्हणत. विहिरीचा कठडा बांधणाऱ्या गवंड्याला म्हणत. बारा वर्षं नोकरी झाली तरी मला कधी म्हणाले नाहीत. ते ऐकायची मला फार हौस होती, आणि पस्तिशीच्या माणसाला अशी हौस असावी याची लाजही वाटायची.

संधी आली ती माझ्या थोरल्या चुलतभावाच्या ट्रॅक्टरवरून. एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. भोसरीकडं कारखान्याची शेड बांधणाऱ्या एका कंत्राटदाराचं काम आटोपलं, आणि त्याचा छोटा ट्रॅक्टर दादानं विकत घेतला. त्याला पुढं दोन लोखंडी हात आणि त्यांना राडारोडा उचलायची बादली होती. आबांची पाठ धरल्यापासून रानाचा वरचा तुकडा दोन वर्षं पडून होता आणि घाणेरी, बोरी, बाभळीची खुंटं यांनी माजला होता. दादा म्हणाला, "बादलीनं काटं उचलंनात. पुढं काय तरी पंजावाणी पायजे. तू कंपनीत हाईस, बघ की."

मी जागच्या जागी हो म्हटलं. आबांना हातात धरता येईल, डोळ्यांनी बघता येईल असं काहीतरी मी पहिल्यांदाच करणार होतो.

ट्रॅक्टरच्या सीटखाली कंत्राटदाराचं एक परदेशी माहितीपत्रक सापडलं होतं. त्यात तीन पंजांची चित्रं होती. पहिला म्हणजे बादलीलाच वरून जबडा. दुसऱ्याला खाली नुसते दाते आणि वर एक जबडा. तिसऱ्याला खाली दाते आणि वर दोन वेगळे जबडे, प्रत्येकाला तेलाच्या दाबावर चालणारा स्वतंत्र सिलिंडर. मजकूर कुठल्या भाषेत होता देव जाणे. आमचे फोरमन तरुणपणी परदेशी इंजिनियरांच्या हाताखाली सहा महिने होते, त्यामुळे ते पत्रक वाचण्याचा मान त्यांचा. त्यांनी चष्मा लावून दोन दिवस वाचलं आणि जाहीर केलं, "आकडे कळतात."

निवडीला तीन आठवडे लागले. आमच्या टूलरूममध्ये चहा कुठून मागवायचा हेसुद्धा हात वर करून ठरायचं, तर पंजा कसा सुटणार? जेवणाच्या सुट्टीत बैठका झाल्या. दोन जबडेवाल्यांचा एक गट पडला. त्यांचं म्हणणं, खुंट वेडंवाकडं असतं, दोन जबडे आपापल्या परीनं धरतात. एक जबडेवाले म्हणाले, दुसरा सिलिंडर, त्याचे पाइप, त्याचं वजन कुणाच्या डोक्यावर? गट असे हट्टाला पेटले की दोघं जण एकमेकांच्या डब्यातलं लोणचं घेईनात. शेवटी फोरमन उठले आणि म्हणाले, "राव, ट्रॅक्टर केवढा, त्याची उचल केवढी? सगळी उचल पंजाच खाणार असेल तर काटे काय हातानं उचलायचे? नाकापेक्षा मोती जड."

बादलीवाला पंजा आबांनी बाद केला. मी चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "ह्यातनं माती गळंल का?" मी म्हटलं, नाही. "मग रान कुटं न्यायचं उचलून?" एवढं बोलून त्यांनी चित्र परत दिलं.

तेव्हा मधला पंजा ठरला, खाली दाते आणि वर एक जबडा. ही निवड शंभर टक्के बरोबर होती, हे मी आजही कुणालाही सांगेन. घोड्यानं पेंड खाल्ली ती पुढं.

पंजा घडवणारे आम्ही चौघं आणि फोरमन, सगळे टूलरूमचे. भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चार-पाच गुरुवार काम चाललं. शेतीच्या औजाराचं काम घेतलंय हे पहिल्या गुरुवारी सगळ्यांच्या ध्यानात होतं, दुसऱ्या गुरुवारी कुणाच्याच नव्हतं. जबडा ज्या पिनवर फिरणार तिला तापवून, पाणी देऊन कडक केली आणि घासून आरसा केली. पिन ज्यांत फिरणार ते गनमेटलचे बुश, म्हणजे पिवळ्या धातूच्या आखूड नळ्या, बसवले. पिन आणि बुश यांच्यामध्ये केसही जाणार नाही असं माप धरलं. ग्रीससाठी भोक ठेवावं असं एक जण म्हणाला. फोरमन त्याच्याकडं बघत राहिले. "ग्रीस कशाला? ढिली बसणी लपवायला?" तो बिचारा वरमला. ट्रॅक्टरच्या हातांना पंजा जोडायच्या पिनाही त्याच मापात केल्या. मी प्रत्येक दात्याचा तपासणी तक्ता भरला. बाभळीच्या खुंटासाठी बनवलेल्या दात्याचं टोक काटकोनात आहे की नाही, हे मी आणि आणखी एकानं दोनदा तपासलं आणि आमच्यापैकी एकालाही हसू आलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी सगळी वरात रानात आली. दादानं नारळ फोडला. आबा बांधावर बसून बघत होते. पहिल्यांदा घाणेरीचं एक जाळं उचललं, माती खाली गळली, पंजा जरासाही वाजला नाही. फोरमन म्हणाले, "आवाज ऐका." आम्ही ऐकला. काहीच ऐकू येत नव्हतं आणि तेच ऐकायचं होतं. मग दादानं एका जुन्या बाभळीचं खुंट धरलं. जबडा दाबून बसला, ट्रॅक्टरनं जोर लावला, धुरळा उडाला, खुंट काही निघालं नाही. दादा म्हणाला, "सोडतो, दुसऱ्या बाजूनं धरतो."

जबडा सुटेना. मुरमाची बारीक धूळ पिनवर चढली होती, आणि तिला राहायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. दादानं दांडा पुढंमागं केला, इंजिन ओरडलं, पण जबडा खुंटाला चावून बसला तो बसलाच. पंजाच ट्रॅक्टरच्या हातांपासून सोडवावा म्हटलं, तर त्या पिनाही आमच्याच हातच्या. त्यांनीही धूळ खाल्लेली. ट्रॅक्टर भर रानात बाभळीला बांधला गेला होता.

"बैल निदान दावं तोडून पळतो," दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला चाकणच्या बाजारात कांदा न्यायचा होता. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी फोरमनकडं बघितलं.

फोरमननी बैठक बोलावली. खुंट तोडायचं की पंजा कापायचा? पंजा कापायला कुणाचाच हात वर जाईना. खुंट तोडावं तर जबडाच आडवा, कुऱ्हाड घालायची कुठं? दोन जबडेवाल्यांनी आपलं म्हणणं पुन्हा मांडलं, जणू एक जबडा कमी अडकला होता! एवढ्यात गावात बातमी गेली. माणसं बांधावर येऊन बसली. एका म्हातारीनं विचारलं, "काय, देव हाय काय खाली?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं खुंटाला हळदकुंकू वाहिलं. जाता जाता थोडं ट्रॅक्टरलाही लावलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांकडं बघायची हिंमत होईना. बारा वर्षांनी एकदाची वस्तू दाखवायला आणली आणि तिला आता कुंकू लागत होतं.

आबाच बांध उतरून आले. पाठीवर हात ठेवून वाकले आणि पिनवरून बोट फिरवलं.

"ह्यो दांडा हलत न्हाई व्हय?"

"नाही आबा. म्हणजे हलू नये असाच केलाय. नुसता फिरावा."

"जुवातली शिवळंची खुटी ढिली नसती तर बैलाची मान सोलती. मातीतलं औजार हाय. हललं पायजे."

फोरमन पुढं आले. त्यांनी टोपी काढली, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "किती?"

"नख जाईल येवढं."

 मग त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि म्हणाले, "बघू." बांगड्या भरायला हात पुढं करावा तसा आबांनी हात पुढं केला. फोरमननी त्यांच्या अंगठ्याच्या नखाची जाडी दोन ठिकाणी मोजली, मला ओरडून सांगितली, आणि मी ती वहीत लिहून घेतली. बांधावरचं एकही माणूस हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

डिझेल ओतून, घणाचे घाव घालून पिना काढल्या. प्रत्येक घावाला फोरमन डोळे मिटायचे. जबडा सुटला. मग मी सावलीला बसून गोल कानस घेतली आणि बुशांची भोकं मोठी करायला लागलो. केसाहून बारीक मापासाठी ज्या गनमेटलवर मी तीन गुरुवार घालवले, त्याचा पिवळा भुगा माझ्या मांडीवर पडत होता. माझ्या सोबत्यांनी पाठ फिरवली. आबा मात्र समोर बसून राहिले. कानस चालली तोवर ते माझ्या हातांकडं बघत होते.

नख जाईल एवढी फट झाली. पंजा जोडला. आता तो असा खडखडायचा की शेजारच्या रानातली गुरं मान वर करायची. पण धरायचाही आणि सोडायचाही. ते बाभळीचं खुंट दादानं चारी बाजूंनी हलवून काढलं, मग बाकीची काढली, आणि दिवस मावळायच्या आत तुकडा निम्म्याहून जास्त मोकळा झाला. टूलरूमची मंडळी बसनं परत गेली. माझी सायकल होती, मी थांबलो.

आबा पंजाजवळ उभे होते. त्यांनी फटीत अंगठ्याचं नख घातलं आणि काढलं.

"ह्ये आता सकाळसारकं करता यील का?"

"कसं?"

"फट नसल्यालं."

"नाही आबा. कानशीनं गेलेलं परत येत नाही."

"त्ये आसं कुणालाबी जमंल का? फट न ठेवता?"

"सगळ्यांना नाही जमत."

"तू रोज आसलंच करतूस?"

"हो."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं पिनवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "लई चांगलं काम हुतं. माझ्यापायी नासलं."

मी घाईघाईनं सांगितलं की तसं काही नाही, नवे बुश पुन्हा घडवता येतात, आणि तसल्या मापाची इथं गरजही नव्हती. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यांना तो पटला नाही. 

आम्ही घरी गेलो. आईनं दारातच विचारलं, "काय झालं रानात?" आबांनी पायातलं पायताण काढलं, खाली बसले आणि म्हणाले, "पोराचं नुकसान केलं म्या."

तुकडा मोकळा झाला, हे त्यांनी तिला सांगितलंच नाही. ते मलाच सांगावं लागलं.