मालतीताईंची तयारी

गढा मोहल्ल्यातल्या आपल्या घरी मालतीताई सतार शिकवत. शिकायला मुलगी आली की तिच्या हाती लगेच सतार देत नसत. आधी जिना पळत उतरून पुन्हा चढून यायला सांगत. धापा टाकत ती बसली की म्हणत, "छाती धडधडून राहिली ना? अच्छा. आता वाजव. स्टेजवर अशीच धडधडते. त्या धडधडीची ओळख घरीच करून घे."

सतारीवरची गत कुठे अडली की मुली पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. ताई तारांवर हात ठेवून थांबवत. "जे येते तेच काहून वाजवून राहिली? अडलं तिथंच बस." मग तेवढाच तुकडा इतक्या सावकाश घ्यायला लावत, की नोकरीवरून थेट तबल्यावर येऊन बसलेल्या मला जांभया येत. "वसंतभैया, झोप आली असेल तर घरी जा," हे मलाही ऐकावं लागे.

मुलगी नीट वाजवू लागली की ताई मला हळूच म्हणत, "चढवा." मग मी न सांगता लय वाढवायची आणि मुलीनं गडबडायचं. ताई तिला म्हणत, "त्यांच्यामागं पळू नको. तोंडानं सांग, हळू. नाही ऐकलं तर थांब, समेवर ये." मुली म्हणत, "काका, बदमाशी मत करो ना." मी हसत असे. हा धडा ताईंना कुठे मिळाला होता, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांची सतार होती, तबल्याला मी. द्रुत गतीत माझ्या एका तुकड्याला टाळ्या पडल्या आणि मी लय चढवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, तरी मी आणखी चढवली. त्यांचा हात अडकला. सतार खाली ठेवून त्यांनी नमस्कार केला. बाई घाबरल्या, असं लोक म्हणाले. "तयारी कमी पडली," असं त्या म्हणाल्या. मी तबला आवरायला घेतला.

पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत त्यांचं नाव निघालं. "राहू द्या, त्यांना स्टेजचा त्रास होतो," मी म्हणालो. त्या साथीला दुसरा तबलजी मागतील आणि सगळं उघड होईल, ही मला धास्ती होती. दर वर्षी मी तेच म्हणत गेलो. मग नाव निघेनासं झालं.

शिकवणीतून त्यांनी मला काढलं नाही. एकदा मी विषय काढला, "ताई, त्या दिवशी लय मी..." त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "मी नुसती पाहत बसले, भैया. हळू म्हणायला पाहिजे होतं." मला सुटल्यासारखं वाटलं. बैठकीतलं मी बोललोच नाही.

गेल्या महिन्यात ताई गेल्या. शोकसभेत त्यांची विद्यार्थिनी मनीषा बोलली. "ताई स्टेजला डरायच्या, असं सगळे म्हणतात. पण दर रविवारी चांगली साडी नेसून, मला समोर बसवून त्या पूर्ण कार्यक्रम वाजवायच्या. चुकल्या तरी थांबायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, ये किसके लिए, ताई? तर म्हणाल्या, बोलावणं आलं तर?"

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. गळा दाटल्याची खूण करून मी बसून राहिलो. लोकांना ते खरं वाटलं.

म्हणून तिथं बोललो नाही ते इथं लिहितो आहे. त्या घाबरल्या नव्हत्या. लय मी चढवली होती, आणि त्यांच्या दारी जाणारं बोलावणं वर्षानुवर्षं मीच अडवलं.